पळणाऱ्यांचे प्रश्न : पहिल्या ४२ किलोमीटरची तयारी

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मी सहज लिहिलं होतं की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला आपल्या मराठवाड्यातून कोणी पहिल्यांदाच पूर्ण ४२ किलोमीटर पळणार असेल तर काय अडचणी येतात ते कळवा, आणि तेव्हापासून पत्रं-मेसेज यायलेत ते अजून थांबले नाहीत, पार हिंगोलीपासून उमरग्यापर्यंत. फार बरं वाटलं. मी आठ वर्षांपूर्वी संभाजीनगरात विद्यापीठाच्या रस्त्यावर पळायला लागले तेव्हा विचारायला कोणी नव्हतं, जे वाचायला मिळायचं ते दुसऱ्याच हवेचं आणि दुसऱ्याच ताटाचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, जागा कमी आहे, राहिलेल्यांनी रागवू नका.

ताई नमस्कार. मी शिक्षक, वय ३८, अंबाजोगाई. जूनपासून पळायलोय, १० किलोमीटर न थांबता होतंय. दुकानदार म्हणतो १५ हजारांचा कार्बनवाला बूट घ्या नाहीतर गुडघे जातील, मित्र म्हणतो आधी घड्याळ घे, आणि बायको म्हणते घरात पीटीचे बूट आहेत की. नेमकं काय घेऊ?

सर, पैसे बुटावरच घाला पण १५ हजार नको. कार्बनच्या बुटात तळाच्या आत एक कडक पट्टी असते, तिचा खरा फायदा जोरात पळणाऱ्याला होतो, तुम्ही-आम्ही किलोमीटरला सात-साडेसात मिनिटं घेणारी माणसं, आपल्याला तो बूट अस्थिर वाटतो आणि सवय नसेल तर पोटरीवर अन् पावलावर वेगळाच ताण येतो. गुडघे वाचवायचं काम बुटापेक्षा हळूहळू वाढवलेलं अंतर करतं. वहिनींचं पैशाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण पीटीचा कॅनव्हासचा बूट सपाट आणि पातळ असतो, डांबरावर २५-३० किलोमीटर त्याच्यावर काढू नका. कोणत्याही चांगल्या कंपनीचं मागच्या वर्षीचं मॉडेल साडेतीन-चार हजारांत मिळून जातं, साधा, मऊ तळाचा, रोजच्या पळण्याचा बूट म्हणून मागा.

घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो आणि लांब पळताना पण तो तसाच फुगतो. ज्या मोज्यावर पळणार तोच मोजा घालून जा, उभं राहून बघा, सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, म्हणजे रोजच्या चपलेपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा येतो. हे मी एवढं लांबवून सांगायलेय कारण पहिल्या वर्षी मी चपलेच्या नंबरानं बूट घेतला आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून निघाली, दोन महिने बंद बूट घालता येईना. तुमच्याकडं तर मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरणारा रस्ता आहे, बालाघाटाचे असे उतार पळताना पाय बुटात पुढं सरकतो आणि बोटं आपटतात. बूट पाहिजे त्या नंबराचा आणि नखं दर आठवड्याला सरळ कापलेली, हे दोन केलं की तो त्रास बहुतेक जातो. लेस पण वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवा म्हणजे टाच हलत नाही.

एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. १८ आठवड्यांच्या तयारीत तुमचे सातशेच्या पुढं सहज होतील, म्हणून जमलं तर शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी दुसरा जोड घेऊन त्याला दोन-तीन लांबचे रन दाखवा. नवाकोरा बूट शर्यतीला कधीच नाही. पावसात भिजला तर आतली सुटी गादी काढून, रद्दी पेपर कोंबून सावलीत ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, डिंक सुटतो.

मोजे सुती नकोत, सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि मग फोड येतात. नायलॉन-पॉलिस्टरचे खेळाचे मोजे घ्या, तसाच टी-शर्ट. मांड्यांच्या आतून, काखेत, आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलीन, १५ किलोमीटरच्या पुढं याची किंमत कळते. घड्याळ पुढच्या वर्षी घ्या, तोवर मोबाईलमधलं ॲप अंतर मोजतं.

परभणीहून, गृहिणी, वय ३४. पहाटे कृषी विद्यापीठात पळते. लवकर दम लागतो, पाय जड होतात, नवरा म्हणतो झेपत नसेल तर सोड. शिवाय सलवार-ओढणीवर पळते, लोक बघतात म्हणून.

ताई, सोडायचं नंतर बघू, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही सराव करा, दम लागणारच, कारण स्नायूला ऑक्सिजन नेणारी गाडीच कमी आहे. आपल्याकडच्या बायकांत हे फार आहे आणि आपण ते "कामाचा थकवा" म्हणून अंगावर काढतो. सोबत डॉक्टरांना विचारून फेरिटिन पण करून घ्या, त्यातून लोहाचा साठा कळतो. गोळ्या डॉक्टरच ठरवतील. घरात एवढं करा की जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहामुळं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, तास-दीड तासाचं अंतर ठेवा, आणि डाळीवर-पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं उलट जास्त लागतं. आपल्यात जेवण उरकलं की लगेच कपभर चहा टाकायची सवय आहे, ती मोडायला मला सहा महिने लागले.

कपड्यांचं. स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, बुटाएवढीच गरजेची आहे, जागेवर दहा उड्या मारून घट्ट बसते का ते घालून बघूनच घ्या. ओढणी पायात-गळ्यात येते, तिच्या जागी लांब बाह्यांचा सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट करा, अंग झाकलेलं राहतं आणि पळता पण येतं. पाळीच्या दिवसांत पळायला काही हरकत नाही, दुखत असेल तर हळू पळा नाहीतर सुट्टी घ्या, दोन्ही चालतं. आणि लोकांचं म्हणाल तर तुमच्याच परभणीची ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१७ ला भारतीय महिलांत पहिली आली. तुमच्या गावच्या रस्त्यावर बाईनं पळणं ही काही नवी गोष्ट नाही, हे घरात नक्की सांगा. एखादी मैत्रीण सोबत मिळाली तर अर्धी धास्ती कमी होते, मला दुसऱ्या वर्षी शेजारच्या वहिनी मिळाल्या तेव्हापासून माझा एकही रविवार चुकला नाही.

लातूर, किराणा दुकान, वय ४५. घाम धो-धो जातो. कोणी म्हणतं तहान लागली तरच पी, कोणी म्हणतं दर किलोमीटरला पी. ओआरएस, इलेक्ट्रॉल, लिंबूपाणी, नेमकं काय?

भाऊ, तुमच्या दुकानात वजनकाटा आहेच. रविवारी पळायच्या आधी आणि आल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, त्यात मधे प्यालेलं मिळवा, भागिले तास, हा तुमचा स्वतःचा हिशोब झाला. ऑक्टोबर हीटमध्ये एकदा आणि डिसेंबरच्या थंडीत एकदा करा, दोन आकड्यांत केवढा फरक येतो बघा. गेलेलं सगळंच्या सगळं पळता पळता भरून काढायचं नसतं, बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिली पुरतं, तेही घोट-घोट. नुसतं साधं पाणी भरमसाट पिणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो. पळून आल्यावर वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पिताय.

तासाच्या आतलं पळणं असेल तर साधं पाणी बस झालं. पुढं गेलं की मीठ-साखर पाहिजे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वरून चवीला लिंबू. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर मळमळतं. ओआरएसची तयार पुडी वापरली तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी कालवा, अर्धी पुडी तांब्यात टाकायची सवय चुकीची आहे. आणि पुडीवर ओआरएस डब्ल्यूएचओ फॉर्म्युला (म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेलं प्रमाण) लिहिलंय का ते वाचूनच घ्या, तुम्ही विकताना पण बघा.

दोन बाटल्या रस्त्यावर ओळखीच्या टपरीवर आदल्या रात्री ठेवायच्या आणि फेऱ्या मारायच्या, हे सगळ्यात सोपं. कंबरेचा बाटलीचा पट्टा मिळतो पण तो हलतो, घ्यायच्या आधी घालून पळून बघा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुमचं गाव, पाण्याचा हिशोब तुम्हाला मी शिकवावा असं नाही, एवढंच म्हणते की रस्त्यावर डोक्यावर बाटलीभर ओतण्यापेक्षा ओला नॅपकिन मानेवर टाका, तेवढाच गारवा मिळतो.

नांदेडहून, वय २२, पोलीस भरतीची तयारी करायलोय. १६०० मीटर चांगलं जातं. मित्रांनी मॅरेथॉनचं डोक्यात घातलं. रोज १० किलोमीटर फुल ताकदीनं मारतो. दीड महिन्यापासून नडगी दुखायलीय, गोळी खाऊन पळतो.

बाळा, पहिलं गोळी बंद कर. आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक खाऊन लांब पळणं, त्यात घाम गाळून अंग कोरडं पडलेलं, हे किडनीला महागात पडतं, आणि दुखणं झाकून तू दुखऱ्या हाडावरच पळतोस. नडगीवर एका बोटानं दाबून बघ. एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी जीव जाईल असं दुखत असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर ते हाडाला बारीक तडा जाण्याचं लक्षण असू शकतं, पळणं थांबव आणि हाडाच्या डॉक्टरकडं जा. सुरुवातीच्या एक्स-रेत ते दिसत नाही कधी कधी, म्हणून एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच मैदानात उतरू नको. नडगीभर पसरलेलं दुखणं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण, मातीवर पळ, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली कर, रोज १५ चे तीन सेट.

आणि रोज फुल ताकद कशाला? भरतीचं पळणं पाच-सहा मिनिटांचं, मॅरेथॉन चार-पाच तासांची, दोन्हीचा सराव एका तऱ्हेचा कसा चालेल. आठवड्यात चार दिवस पळ, त्यातले तीन दिवस असे की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. एक दिवस जोरात, तिथं तुझे १६०० मीटर मार. हळू पळण्यानंच हृदय आणि शिरा-स्नायू लांबच्या कामाला तयार होतात, हे सुरुवातीला कोणाला पटत नाही, मला पण नव्हतं पटलं. अविनाश साबळे आपल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी-पळत जायचा, पुढं सैन्यात गेला, २०१५ च्या सुमारास स्पर्धेच्या पळण्याला लागला आणि २०२० ला दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. मधली ती सगळी वर्षं बघ. आणि मनापासून सांगते, यंदा तुझी भरती असेल तर भरतीच कर, मॅरेथॉन पुढच्या वर्षी पण आहे, नडगी मात्र तुझी एवढीच आहे.

धाराशिवहून. माझं माहेर सोलापूर, दरवर्षी कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर अनवाणी चालत जातो आम्ही, ४५ किलोमीटर. मग मॅरेथॉनला वेगळी तयारी कशाला? आणि यंदा वारी आणि सराव दोन्ही कसं जमवू?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. रात्रभर पायांवर राहायची, झोप सोडून पुढं जायची जी सवय तुम्हाला आहे ती शहरातल्या भल्याभल्या रनरकडं नसते, ती शेवटच्या १० किलोमीटरला नक्की कामी येणार. पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि दर पावलाला अंगाच्या दोन-तीन पट भार एका पायावर येतो. ते हाडांना आणि शिरांना शिकवायला चार-साडेचार महिने लागतात, भक्ती कितीही असली तरी.

वारी अजिबात सोडू नका. कोजागरी आणि मुंबईच्या मधे साधारण तीन महिने असतात, जागा छान आहे. त्या आठवड्याचा लांबचा रन म्हणून वारीच धरा. आधीचे तीन दिवस पळू नका. टाचांना महिनाभर आधीपासून रोज रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, भेगा असतील तर त्यातनंच इन्फेक्शन होतं. आल्यावर पाय साबणानं धुवून फोड बघा, लहान असेल तर फोडू नका, आणि आठवडाभर फक्त फिरणं. मग तिथून पुढं दर रविवारी दोन-दोन किलोमीटर वाढवत न्या, दर चौथ्या रविवारी कमी करा, आणि ३० पर्यंत पोचलात की बस, तयारीत ४२ पळायची गरज नसते. शर्यतीत ९ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं पहिल्यापासून केलं तरी चालतं, तुमचं चालणं तर पक्कं आहेच.

कळंबहून : पहाटे कुत्री आणि उसाच्या ट्रॉल्या.

कुत्रं मागं लागलं तर पळणं थांबवा, उभं राहा, डोळ्याला डोळा देऊ नका, सावकाश मागं सरका. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, हळद-चुना-मिरची काही लावू नका. ट्रॉल्यांच्या दिवसांत, कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत, मोठा रस्ता सोडाच. ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. शाळेचं ग्राउंड, एमआयडीसी, शेताकडचा कच्चा रस्ता, जे मिळेल ते. रस्त्यावरच जायचं असेल तर उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, चमकणारं जॅकेट घालून, हेडफोन घरी ठेवून.

जालन्याहून, शेतकरी, वय ५१. भाकरी खाऊन मॅरेथॉन होते का? पळताना चोखायच्या गोड घट्ट जेलचं एक पाकीट शंभर-दीडशेला, ते परवडत नाही.

काका, भाकरीवरच होते. रोजचं जेवण ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दही किंवा ताक हेच राहू द्या, फक्त डाळ-उसळ-अंडं थोडं वाढवा. वय ५१ म्हणून एकदा ईसीजी, बीपी, शुगर करून घ्या, पळताना छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथंच थांबायचं, हे आधी.

पळतानाचं वेगळं. अंगात साठवलेली साखर दीड-दोन तासांनी संपत येते, ३० किलोमीटरच्या आसपास माणूस एकदम गळतो ते त्याच्यामुळं. म्हणून पहिल्या ४०-४५ मिनिटांपासून थोडं थोडं खात जायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, म्हणजे साखर-पिष्ट. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतं, एका मध्यम केळ्यात जवळपास तेवढंच. मी तीन वर्षं बिया काढलेले खजूर आणि गुळाचे छोटे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन पळलेय. शेंगदाण्याची चिक्की मात्र पळताना नको, तेल असल्यानं पचायला वेळ लागतो आणि दम लागलेला असताना दाणा घशात अडकतो. जे काही खाणार ते रविवारच्या सरावातच खाऊन बघा. रविवारच्या आदल्या रात्री ठेचा, वांगं, कच्चा कांदा, हरभऱ्याची डाळ टाळा. पहाटे निघायच्या आधी दोन केळी किंवा गूळ-पोळी, अर्धा कप चहा, आणि पोट साफ व्हायला वेळ ठेवा, त्यासाठी अर्धा तास आधी उठावं लागलं तरी चालेल.

हिंगोलीहून. शनिवारी रात्री गाडीत बसलो की रविवारी पहाटे पोचतो, चालेल का? थंडीत सराव झालाय. बायको धपाटे बांधून देणार म्हणते.

भाऊ, नाही चालणार. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. गुरुवारी रात्री नांदेड किंवा परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस पकडा, शुक्रवारी बिब घ्या, शनिवारी पाय वर करून पडून राहा. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीपासूनच सुटते, तिथंच जवळपास कुठं मुक्काम मिळाला तर पहाटेची धावपळ वाचते. आदल्या रात्री झोप लागत नाही कोणालाच, म्हणून गुरुवार सोडून त्या आठवड्यातल्या बाकीच्या रात्री पुरत्या झोपा.

हवेचं नीट समजून घ्या. आपली जानेवारी कोरडी आणि पहाटे कडक गार, घाम आला की उडून जातो आणि अंग गार होतं. मुंबईला दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता गळतो, आणि इथं सहज जाणारा वेग तिथं जड वाटतो. मी पहिल्या वेळी इथल्या वेगानं निघाले, सी-लिंकवर मस्त वाटलं, आणि परत येताना पेडर रोडच्या चढावर पाय उचलेना. किलोमीटरला २०-३० सेकंद हळूच निघा, सगळे पुढं जाऊ द्या. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन घोट. बिब शनिवारीच चार पिना लावून टी-शर्टला अडकवून ठेवा, लेसला दुहेरी गाठ.

आणि धपाटे जरूर न्या, फक्त शनिवारच्या रात्री खाऊ नका, तेल-तिखट आहे. वहिनी सोबत येत असतील तर त्यांच्याजवळ द्या, नसतील तर मुक्कामावर ठेवा. शर्यत संपली की लगेच खाली बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडा टी-शर्ट घाला, आधी मीठ-साखरेचं पाणी, आणि पोट थोडं शांत झालं की मग दह्यासोबत दोन धपाटे.